शिंगं कुणी लावली?

मागच्या दिवाळीत भाचा सुट्टीला आला होता. नववीत आहे. चित्रकला उत्तम, बाकी अभ्यासाच्या नावाने बोंब. (घराण्याचीच परंपरा आहे म्हणा.) दिवसभर वहीत राक्षस काढत बसायचा. एक दिवस असंच एक चित्र दाखवायला घेऊन आला. बर्फाने भरलेलं रान, आणि झाडांच्या मधोमध उभा एक हाडकुळा, उंचच उंच प्राणी. धड माणसाचं, डोक्याच्या जागी हरणाची कवटी, आणि त्यावर सांबरासारखी फांद्या फुटलेली शिंगं.

"मामा, हा वेंडिगो. रेड इंडियन लोकांचा राक्षस. माणसं खातो."

"छान काढलायस की. पण त्या लोकांनी काढलेला वेंडिगो कुठं पाहिलास?"

"त्यांनी कशाला काढायला पाहिजे? गेममध्ये असतो ना!"

उत्तर निरागस होतं. पण डोक्यात राहिलं. ज्यांचा राक्षस, त्यांना विचारायची गरजच काय? तेव्हापासून गेले काही महिने या शिंगवाल्याच्या मागे लागलोय. जे सापडलं ते इथे मांडतोय. जरा लांबेल, पण वाचा.

आधी शब्दाचं बघू. 'रेड इंडियन' हा शब्द आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. मीही परवापर्यंत वापरत होतो. कोलंबस १४९२ साली निघाला होता आपल्या बाजूला, पोचला कॅरिबियन बेटांवर, आणि तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला. म्हणजे त्यांच्या कपाळी आपलं नाव चिकटलं ते एका खलाशाच्या चुकीमुळे. पण त्या सफरीत आणखी एक शब्द जन्माला आला, त्याची चर्चा फारशी होत नाही. बेटावरच्या ताइनो लोकांकडून कोलंबसाने शेजारच्या 'कॅरिब' किंवा 'कॅनिब' लोकांबद्दल ऐकलं. ते माणसं खातात, असं. त्याच्या रोजनिशीत एका डोळ्याच्या माणसांचा आणि कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांचाही उल्लेख येतो. हे असले प्राणी युरोपातल्या जुन्या पुस्तकांत आधीपासूनच होते. त्यांना फक्त नवा पत्ता मिळाला.

'कॅनिबल' हा शब्द त्या 'कॅनिब'वरूनच आला. आणि तो नुसता शब्द राहिला नाही. १५०३ साली स्पेनच्या राणी इसाबेलाने परवानगी दिली, की जे नरभक्षक आहेत त्यांना गुलाम म्हणून पकडायला हरकत नाही. आता कोण नरभक्षक हे ठरवणार कोण? तर पकडणारा! एकदा राक्षस ठरवलं की पुढचं सगळं सोपं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आता विंडिगो. (मूळच्या कथेतला तो 'विंडिगो' आणि सिनेमा-गेममधला तो 'वेंडिगो', असं मी माझ्या सोयीसाठी धरलंय. दोन्ही उच्चार एकाच शब्दाचे.)

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरची मोठी सरोवरं आणि त्यांच्या उत्तरेची अफाट अरण्यं हा अनिशिनाबे (त्यातले ओजिब्वे आपल्याला जास्त ऐकून माहीत) आणि क्री लोकांचा मुलूख. तिथला हिवाळा म्हणजे सहा-सहा महिने बर्फ. शिकार मिळाली तर जगायचं, नाही मिळाली तर... त्या 'तर'मधून विंडिगो आलाय. तो हिवाळ्याचा आहे, उपासमारीचा आहे. बेसिल जॉन्स्टन या ओजिब्वे लेखकाने १९९५ साली 'द मॅनिटूज' या पुस्तकात त्याचं वर्णन दिलंय. माणसासारखाच, पण प्रचंड. हाडांवर ताणून बसवलेली राखाडी कातडी, खोल गेलेले डोळे, झिजून फाटलेले ओठ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो जितकं खातो तितका वाढतो. पोट वाढतं त्याबरोबर भूकही वाढते. त्यामुळे त्याचं पोट कधी भरतच नाही. काही कथांत त्याचं काळीज बर्फाचं असतं.

आणखी एक. विंडिगो बाहेरूनच येतो असं नाही. माणूस विंडिगो होऊ शकतो. भुकेच्या दिवसांत ज्याने आपल्यापुरतं पाहिलं, दुसऱ्याचं ओरबाडलं, तो. म्हणजे ही गोष्ट राक्षसाची कमी आणि हावेची जास्त. चुलीभोवती बसलेल्या पोरांना सांगायचं, की बाबांनो, वाटून खा. नाहीतर काय होतं बघा.

हे वाचताना मला आपल्या कोकणातली भुतं आठवली. मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आधी गेला तो. हडळ म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी बाळंतपणात गेलेली बाई. प्रत्येक भुतामागे समाजाचा एक हिशेब असतो, एक दुखरी जागा असते. मुंजाला उद्या कुणी हत्तीची सोंड लावून लेसर बंदूक हातात दिली, तर चित्र झकास होईल कदाचित, पण मुंजा राहणार नाही. लवकर गेलेल्या पोराचं दुःख त्यातून निघून गेलेलं असेल.

शिंगांचं म्हणाल तर, नोंदल्या गेलेल्या जुन्या कथांमध्ये विंडिगोला शिंगं नाहीत. हरणाची कवटी नाही. तो माणसासारखा दिसतो, हीच तर त्यातली भीती!

मग शिंगं आली कुठून? त्याआधी एक खटला सांगायला हवा. तो वाचल्यापासून मला ही गोष्ट नुसती चित्रांची वाटत नाही.

ओंटारिओच्या वायव्येला, सेव्हर्न नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका कुळाचा जॅक फिडलर नावाचा प्रमुख होता. प्रमुख आणि वैद्य-मांत्रिक, दोन्ही. आयुष्यात आपण चौदा विंडिगोंना हरवलं असं तो सांगे. यातले सगळेच काही रानातले राक्षस नव्हते. काही आजारी माणसं होती. भ्रम झालेली, वाचायची आशा नसलेली, आणि आता आपण विंडिगो होणार या भीतीने त्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी जॅकला बोलावलेली. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, बर्फात एका माणसामुळे सगळी वस्ती धोक्यात. तिथे हा भयंकर निर्णय घ्यायची जबाबदारी कुळाने प्रमुखावर टाकलेली होती. आपल्याला हे पटेल असं नाही. मलाही सहज पचलेलं नाही. पण ती त्यांच्या कायद्यातली गोष्ट होती, माणसं खायची हौस नव्हती. उलट विंडिगोला थांबवण्यासाठीच तर हे सगळं!

१९०६ साली जॅक आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी जोसेफच्या आजारी सुनेचा असाच शेवट केला. १९०७ मध्ये कॅनडाचे घोडेस्वार पोलीस तिथवर पोचले आणि दोघा म्हाताऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली धरून नेलं. या लोकांनी तोवर कॅनडा सरकारशी करारसुद्धा केलेला नव्हता. ज्या कायद्याखाली पकडलं तो कायदा त्यांनी कधी ऐकलेलाही नसणार. जॅक फिडलरने ३० सप्टेंबर १९०७ रोजी पहाऱ्यातून निसटून गळफास लावून घेतला. जोसेफवर ऑक्टोबरात नॉर्वे हाउस इथे खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून जन्मठेप केली. मिशनऱ्यांनी आणि फरच्या व्यापाऱ्यांनीसुद्धा त्याच्यासाठी रदबदली केली. शेवटी सुटकेचा हुकूम निघाला. तो पोचला तेव्हा जोसेफला तुरुंगात जाऊन... म्हणजे मरून, तीन दिवस झाले होते. साल १९०९.

आणि १९१० साली, म्हणजे पुढच्याच वर्षी, अल्जरनॉन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाची 'द वेंडिगो' ही कथा प्रसिद्ध झाली.

ब्लॅकवुड तरुणपणी कॅनडात राहिलेला होता. त्याची कथा भयकथा म्हणून आजही अंगावर येते, खोटं कशाला बोला. मूसच्या शिकारीला गेलेले गोरे लोक, त्यांचा फ्रेंच-कॅनेडियन वाटाड्या, आणि रानातून येणारी ती हाक. पण कथेतून दोन गोष्टी गायब झाल्यात. एक म्हणजे भूक. ब्लॅकवुडचा वेंडिगो हा रानाच्या भयाण एकटेपणाचा आत्मा आहे. वाटून खा, हे त्यात कुठे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांची ही कथा ते लोक. त्या तंबूत पंक नावाचा एक मूलनिवासी स्वयंपाकी आहे खरा. पण त्याचं काम काय, तर जनावरासारखा वास घ्यायचा, सगळं ओळखायचं, आणि कुणाला काही न सांगता घराकडे पळ काढायचा. सगळ्यात जास्त माहिती ज्याला, त्याच्याच तोंडाला कुलूप!

हा साचा पुढे शंभर वर्षं टिकला. १९३३ साली ऑगस्ट डर्लेथने वेंडिगोवरून 'इथाक्वा' नावाचा वाऱ्यावर चालणारा दैत्य काढला आणि तो लव्हक्राफ्टच्या पंथातल्या देवांच्या पंक्तीत नेऊन बसवला. १९७३ साली हल्कच्या कॉमिकमध्ये वेंडिगो आला, तो पांढऱ्या केसाळ अस्वलासारखा. (आपल्या सगळ्यांचा लाडका वुल्व्हरिन १९७४ साली पहिल्यांदा अवतरला तो याच हल्क-वेंडिगोच्या मारामारीत.) १९८३ साली स्टीफन किंगच्या 'पेट सेमेटरी'त मिकमॅक लोकांची जुनी दफनभूमी आली, आणि तिथली माती नासवणारा वेंडिगो. 'इंडियनांची दफनभूमी' ही तर हॉलिवूडची ठरलेली चटणी होऊन बसली. गोऱ्या कुटुंबाने छान घर घ्यायचं, आणि जमिनीखालच्यांनी त्यांना छळायचं.

गंमत बघा. त्याच मेन राज्यात सत्तरच्या दशकात पासामाक्वोडी आणि पेनॉबस्कॉट लोक कोर्टात गेले होते, की राज्याचा अर्ध्याहून जास्त भाग आमच्याकडून बेकायदा घेतलाय. १९८० साली केंद्र सरकारने ८ कोटी १५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणजे जमिनीचे मालक जिवंत होते, वकील घेऊन समोर उभे होते. गोष्टींत मात्र ते कायम मेलेले, पुरलेले आणि शापच देणारे. गोऱ्या माणसाच्या मनात कुठेतरी असणारच, की हे घर आपलं नाही. पण तो अपराध कबूल करण्यापेक्षा जमिनीलाच भूत लावणं सोपं पडतं.

आणि शिंगं? ती बऱ्यापैकी अलीकडची. लॅरी फेसेंडेनचा 'वेंडिगो' नावाचा सिनेमा २००१ साली आला, त्यात हरणासारखा शिंगवाला वेंडिगो होता. २०१३ पासूनच्या 'हॅनिबल' मालिकेत काळा शिंगवाला माणूस दिसायला लागला. इंटरनेटवर चित्रकारांनी ते उचललं, आणि बघता बघता तेच 'मूळ' रूप झालं. २०२१ साली तर 'अँटलर्स', म्हणजे चक्क 'शिंगं', या नावाचाच सिनेमा आला. त्यात ख्रिस एअर या मूलनिवासी दिग्दर्शकाचा सल्ला घेतला होता, हे नोंदवायला हवं. पण कथा घडते ओरेगनमध्ये, अनिशिनाबे मुलखापासून हजारो किलोमीटर लांब. जंगल म्हटलं की जनावर, आणि मूलनिवासी म्हटलं की जंगल. हे समीकरण इतकं पक्कं, की त्यांच्या राक्षसालाही माणसाचा चेहरा ठेवायला आपण तयार नाही.

२०१५ चा 'अंटिल डॉन' हा गेम भाच्याचा आवडता. त्यातल्या डोंगराचं नावच ब्लॅकवुड! म्हणजे निर्मात्यांना ऋण मान्य आहे, पण ते इंग्रज लेखकाचं.

विद्वानही यात मागे नव्हते बरं का. १९३०च्या दशकापासून मानववंशशास्त्रात 'विंडिगो सायकोसिस' नावाचा आजार मांडला गेला. त्या लोकांना नरमांसाची वासना होते, असा खास त्यांचाच मनोविकार. पाठ्यपुस्तकांत गेला, परीक्षेला आला. उदाहरण म्हणून कायम स्विफ्ट रनर या क्री माणसाचं नाव यायचं. १८७८-७९ च्या हिवाळ्यात त्याने आपल्या घरच्यांना मारून खाल्लं, आणि डिसेंबर १८७९ मध्ये त्याला फाशी झाली. प्रकार खरा आहे आणि भीषण आहे. पण तो काळ कसला होता? मैदानांवरचे कोट्यवधी गवे याच सुमाराला संपवले गेले होते, आणि त्यांच्यावर जगणारी माणसं अन्नान्न करत होती. १९८२ साली लू मरानो या अभ्यासकाने सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि म्हटलं, की असा आजार कुणी प्रत्यक्ष पाहिल्याचा भरवशाचा पुरावाच नाही. जे आहे ते म्हणजे आरोप, भीती आणि टंचाईच्या दिवसांतले निर्दय निर्णय. पन्नास वर्षं शास्त्राने जो आजार म्हणून शिकवला, तो बराचसा ऐकीव निघाला.

इथे एक आक्षेप मला दिसतोय. "अहो, कल्पनाच ती! लेखकाने कुठूनही काहीही घ्यावं. आपला राक्षस नाही का त्यांनी घेतला?" घेतला की. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात १९७५ पासून 'राक्षस' नावाचा प्राणी आहे. वाघाचं तोंड, उलटे तळवे, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. यातली मंतरलेल्या बाणाची कल्पना आली कुठून? रामायणातून नव्हे, १९७४ च्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून! मी ते चित्र पाहिलं तेव्हा हसलो. त्यात पाईप ओढतोय तो.

पण मला हसता आलं, कारण माझ्याकडे रावणाची हजार रूपं आहेत. गावची रामलीला आहे, दशावतार आहे, पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. वाघतोंड्या राक्षस माझ्या रावणाला पुसून टाकू शकत नाही. अनिशिनाबेंचं तसं नाही. त्यांची पोरं पिढ्यान्‌पिढ्या निवासी शाळांत नेऊन टाकली, तिथे मातृभाषा बोलली की मार. कॅनडात १८८४ च्या कायद्याने पश्चिम किनाऱ्यावरचा पॉटलॅच सोहळा आणि पुढे १८९५ मध्ये इतर विधीही गुन्हा ठरवले, ते थेट १९५१ पर्यंत. म्हणजे स्वतःच्या देवाधर्माचं काही केलं तर तुरुंग, आणि त्याच काळात त्यांच्याच गोष्टींवर इतरांची पुस्तकं खपतायत. देवाणघेवाण म्हणायची तर दोन्ही हात मोकळे हवेत ना?

ही जुनी गोष्ट आहे असंही नाही. २००५ च्या 'ट्वायलाइट'मध्ये क्विल्यूट या खऱ्याखुऱ्या जमातीचं नाव घेऊन त्यांना लांडगे होणारी माणसं केलं. लांडग्यापासून आपण जन्मलो ही त्यांची कथा खरी, व्हॅम्पायरशी वैर मात्र लेखिकेचं. सिनेमांनी अमाप पैसा कमावला. क्विल्यूटांची शाळा तेव्हा त्सुनामीच्या पट्ट्यात होती, आणि उंचावर हलायला सुमारे ७८५ एकर जमीन मिळावी म्हणून त्यांना २०१२ चा कायदा होईपर्यंत झगडावं लागलं. २०१६ साली रोलिंगबाईंनी उत्तर अमेरिकेच्या जादूचा इतिहास लिहिला आणि नवाहो लोकांच्या 'स्किनवॉकर'ला आपल्या जादूगारांत ओढलं. एड्रियन कीन या चेरोकी अभ्यासक बाईंनी तेव्हा जे विचारलं त्याचा मथितार्थ असा, की आम्ही ड्रॅगन आणि युनिकॉर्नच्या रांगेत का? आम्ही तर खरे आहोत.

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

पण विंडिगो संपलेला नाही. त्याचे खरे मालक त्याला परत घेऊन आलेत. जॅक फोर्ब्ज या मूलनिवासी इतिहासकाराने १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं, की दुसऱ्याचं आयुष्य खाऊन जगणं हा 'वेटिको'चा रोग, आणि त्याची सगळ्यात मोठी साथ कोलंबसाबरोबर आली. नरभक्षक कोण, हा प्रश्न त्याने सरळ उलटा फिरवला! जितकं खावं तितकी भूक वाढते, हे बीव्हरच्या टोप्यांसाठी सगळ्या नद्या रिकाम्या करणाऱ्यांना लागू नाही तर कुणाला? रॉबिन वॉल किमरर या पोटावाटोमी वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ च्या पुस्तकात आजच्या बाजारातला विंडिगो दाखवला. लुईज अर्ड्रिकच्या २०१२ च्या 'द राउंड हाउस'मध्ये विंडिगो न्यायाच्या प्रश्नासाठी येतो. आणि वॉबगेशिग राइसच्या २०१८ च्या कादंबरीत उत्तरेतल्या अनिशिनाबे वस्तीची वीज जाते, अन्न संपत येतं, आणि बाहेरून एक धटिंगण गोरा माणूस आसरा मागायला येतो. त्याला शिंगं नाहीत. गरज काय?

आता जरा आपल्याकडे. हिंदी सिनेमात आदिवासी म्हटलं की पिसं, भाले, 'झिंगालाला' आणि मोठ्या कढईत हिरो. आपण हसत हसत पाहिलं. गडचिरोली-मेळघाटातले काही गोंड, कोरकू रावणाला पुजतात, त्याला जाळू नका म्हणतात, तेव्हा आपल्याला ते नवल वाटतं. रानात राहणारे, यज्ञ मोडणारे, काळे, दात विचकणारे... आपल्या पुराणांतले राक्षस काढताना आपण कुणाचे चेहरे डोळ्यापुढे ठेवले, हा प्रश्न मी स्वतःला आत्ता कुठे विचारायला लागलोय. उत्तर सोपं नाही. पण अमेरिकेवर बोट दाखवताना उरलेली बोटं कुणीकडे असतात ते माहीत आहेच.

असो. भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. फिडलर भावांची गोष्ट त्याने न बोलता ऐकली. मग म्हणाला, "म्हणजे वेंडिगो काढायचाच नाही का?"

म्हटलं, "काढ ना. पण आधी तो भुकेला का आहे ते माहीत करून घे."

परवा त्याने नवं चित्र पाठवलं. बर्फ तेच, झाडं तीच. मध्ये एक माणूस बसलाय, कोट-टोपीतला, पोट सुटलेला. समोर ताटांचा ढीग. आणि डोळ्यांत इतकी भूक, की मला बघवेना.